तिखट-मीठ वेगळं करा: मिरचीचा तब्येतीला खरा फायदा कसा करून घ्यायचा

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मीठ कमी करा." घरी येईपर्यंत त्याचं झालं "तिखट-मीठ बंद." आपल्याकडे हे दोन शब्द कायम जोडीनेच येतात, त्यामुळे मीठ कमी झालंच नाही, मिरची मात्र पूर्ण गेली. आठच दिवसांत आई ताटात वरून मीठ घ्यायला लागली. म्हणायची, "अगं, आमटीला काही चवच नाही."

मग आम्ही उलटं केलं. मिरची परत आणली आणि मीठ थोडं थोडं उतरवलं. हे तिला जमलं, कारण तोंडाला काहीतरी लागत होतं. तेव्हापासून मिरचीबद्दल जे वाचलं, विचारलं आणि स्वयंपाकघरात करून पाहिलं, ते इथे क्रमाने सांगते. माझं म्हणणं एवढंच की मिरचीचा गुण तिच्यासोबत पोटात काय जातं त्यावर ठरतो. ताज्या मिरचीने मिठाची आणि तेलाची जागा घेतली तर फायदा. तीच मिरची तेलाच्या तर्रीतून, लोणच्यातून, फरसाणातून आली तर मिरचीच्या नावावर आपण मीठ आणि तेलच खात असतो.

आधी समजून घ्या: तिखट लागतं म्हणजे काय होतं

तिखट ही गोड-आंबटासारखी चव नाही. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या जिभेवर, त्वचेवर, थेट आतड्यापर्यंत उष्णता ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे मज्जातंतूंवरचे संवेदक असतात. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते "भाजतंय" असा निरोप मेंदूला देतात. कॅप्सेसिन त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतं. प्रत्यक्षात काही भाजत नाही, पण मेंदूला तसा निरोप जातो, म्हणून घाम फुटतो आणि नाक वाहतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये हा ग्राहक कॅप्सेसिनच्याच मदतीने शोधून काढला. 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्या शोधाचा वाटा आहे.

पुढच्या सगळ्या कृतीला दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, हा ग्राहक वारंवार उद्दीपित झाला की मंदावतो. म्हणून सवयीने तिखट सोसायला लागतं, आणि म्हणूनच कॅप्सेसिनचं मलम सांधेदुखीवर वापरतात. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेवर 8 टक्के कॅप्सेसिनची पट्टीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावली जाते. दुसरी गोष्ट, कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. मिरची उभी चिरली की आत जी पांढरट शीर दिसते, जिला बिया चिकटलेल्या असतात, तिच्यात ते असतं. बिया शेजारी असतात म्हणून तिखट लागतात. तिखट कमी करायचं असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, ती शीर सुरीने खरवडून काढावी लागते.

फायदा किती आणि कशाचा

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण मिरचीबद्दल "वजन झपाट्याने उतरतं" इथपासून "अल्सर होतो" इथपर्यंत काहीही सांगितलं जातं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं काम चीनमधल्या चोंगचिंगचं आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 606 प्रौढ होते. तिखटाची फारशी आवड नसलेले लोक दिवसाला सरासरी 13.4 ग्रॅम मीठ खात होते, तिखटाची जास्त आवड असलेले 10.3 ग्रॅम. त्यांचा वरचा रक्तदाबही सरासरी 8 अंकांनी कमी होता. खारट चवीला प्रतिसाद देणारे मेंदूतले भाग आणि तिखटाला प्रतिसाद देणारे भाग बऱ्याच अंशी तेच आहेत, असं त्या संशोधकांना दिसलं. म्हणजे तिखट असेल तर कमी मिठातही पदार्थ पुरेसा खारट वाटतो. हे वाचलं तेव्हा आईच्या त्या आमटीचा उलगडा झाला. लक्षात घ्या, 10.3 ग्रॅमही जास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ सांगते.

मोठे अभ्यास आणखी दोन. 2015 मध्ये चीनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या पाहणीत, जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा 14 टक्क्यांनी कमी दिसलं. 2019 मध्ये इटलीतल्या मोलिझे भागातल्या सुमारे 22,800 लोकांच्या अभ्यासात, आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा मिरची खाणाऱ्यांमध्ये ते 23 टक्क्यांनी कमी होतं. आकडे मोठे आहेत, पण ही निरीक्षणं आहेत. मिरची खाणारे लोक आणखीही बरंच काही वेगळं खात-करत असतील. त्यामुळे मिरची हे हृदयाचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. रोजच्या जेवणात ती असली तर निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं.

वजनाबद्दल थोडक्यात: कॅप्सेसिनने शरीरातली ऊर्जा जराशी जास्त जळते, पण ती इतकी थोडी की एक जास्तीची पुरी ती खाऊन टाकते. त्यासाठी मिळणाऱ्या कॅप्सूलच्या मागे लागू नका.

जीवनसत्त्व क मात्र खरं आहे. हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-जोर्जी यांना शुद्ध जीवनसत्त्व क भरपूर प्रमाणात मिळालं ते तिथल्या पाप्रिका मिरचीतूनच, आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शंभर ग्रॅम ताज्या हिरव्या मिरचीत साधारण शंभर मिलिग्रॅम, काही जातींत त्याहून बरंच जास्त असतं. अर्थात आपण शंभर ग्रॅम खात नाही. मध्यम आकाराच्या दोन-तीन मिरच्या म्हणजे दहा-पंधरा ग्रॅम, त्यातून दिवसाच्या गरजेचा एखादा हिस्साच मिळतो. पण तो भाकरीसोबत मिळतो हे महत्त्वाचं. बाजरीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, आणि त्याच जेवणात जीवनसत्त्व क असलं तर ते जास्त शोषलं जातं. भाकरीबरोबर हिरवी मिरची आणि लिंबाची फोड घ्यायची आपली पद्धत म्हणूनच मोलाची.

पिकून लाल झालेल्या मिरचीत रंगद्रव्यं वाढतात. त्यातल्या काहींपासून शरीर जीवनसत्त्व अ बनवतं. ही द्रव्यं तेलात विरघळतात, म्हणून लाल तिखटाला चमचाभर तेलाची सोबत हवी. चमचाभरच.

पायरी 1: तुम्हाला मिरची चालते का, ते आधी पाहा

पोटाचा अल्सर मिरचीने होतो ही समजूत जुनी आहे. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने होतात. हा जिवाणू शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. मात्र अल्सर आधीच असेल तर मिरचीने तो झोंबतो, आणि बरा होईपर्यंत ती टाळणंच शहाणपणाचं.

छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर येत असेल, गुदद्वाराला चीर पडली असेल, आतडी नाजूक असून वरचेवर पोट बिघडत असेल, तोंड आलं असेल किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. दमा असणाऱ्यांना ताटातल्या मिरचीपेक्षा फोडणीच्या ठसक्याचा त्रास जास्त होतो. त्यांच्यासाठी मिरची तेलात न जाळता शिजताना घालायची. गरोदरपणात जळजळ वाढते, तेव्हा प्रमाण आपोआप कमी करा. लहान मुलांना सवय लावायची घाई नको.

पायरी 2: मिरची निवडा

ताजी मिरची घेताना आधी देठ बघा. देठ हिरवा आणि ताठ असेल तर मिरची ताजी. देठ काळपट, मऊ झाला असेल तर वरून चकचकीत दिसली तरी आतून ती सडायला लागलेली असते. बोटांत वाकवल्यावर कट् करून मोडली पाहिजे.

साधारणपणे बारीक, पातळ सालीची मिरची जास्त तिखट, जाड आणि फिकट हिरवी कमी तिखट. लवंगी ही आपल्या स्वयंपाकातली तिखटजाळ. सवय नसेल तर भज्यांच्या जाड मिरचीपासून सुरुवात करा. सुक्या मिरचीत ब्याडगी रंगाला, तिखटपणा बेताचा. गुंटूर आणि संकेश्वरी झणका देणाऱ्या. नागपूरकडची भिवापुरी आणि गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे, मिळाल्या तर जरूर घ्या. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. त्याआधी तिखटाचं काम मिरे आणि पिंपळी करत होत्या, आणि "मिरची" या नावात मिरे अजून आहेतच.

पायरी 3: धुवा, सुकवा, ठेवा

मिरचीवर फवारण्या बऱ्याच होतात, त्यामुळे ही पायरी टाळू नका. देठासकट मिरच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. देठ आधी काढला तर त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि मिरची लवकर सडते. धुतल्यावर सुती कापडावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास पूर्ण कोरड्या होऊ द्या. मग देठ काढा आणि तळाशी कागद घातलेल्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. एखादी जरी नासली तरी ती लगेच काढून टाका. दोन आठवडे सहज टिकतात.

पायरी 4: चार आठवड्यांत सवय

पहिला आठवडा: दुपारच्या जेवणात एक जाड मिरची, शीर काढून, कोशिंबिरीत कच्ची चिरून. रात्री नको आणि रिकाम्या पोटी तर अजिबात नको.

दुसरा आठवडा: तीच मिरची शिरेसकट.

तिसऱ्या आठवड्यात नेहमीची मध्यम तिखट मिरची आणा आणि इथूनच मिठाला हात घाला. आमटी-भाजीत नेहमी जेवढं मीठ घालता त्याच्या तीन चतुर्थांश घाला. हे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही, चमचा ठरवून ठेवा. कमी वाटलं तर वरून मीठ न घेता लिंबू पिळा.

चौथ्या आठवड्यात मीठ आणखी थोडं खाली. मिरची दिवसाला दोन-तीन, त्यापुढे जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. चीनमधल्याच एका दीर्घ अभ्यासात रोज 50 ग्रॅमहून जास्त मिरची खाणाऱ्या मध्यमवयीन आणि वृद्धांची स्मरणशक्ती तुलनेने जास्त घसरलेली दिसली. तोही निरीक्षणाचाच अभ्यास, पण जास्त खाल्लं की जास्त फायदा असं काही नसतं, एवढं त्यातून घ्यावं.

या महिन्यात शौचाला जळजळ झाली, रात्री छातीत आग झाली किंवा तोंड आलं तर एक पायरी मागे या.

पायरी 5: कमी मिठाचा ठेचा

हा आमच्या घरात दर तीन दिवसांनी होतो. दहा-बारा मध्यम हिरव्या मिरच्या, आठ पाकळ्या लसूण, तीन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, एक लहान चमचा तेल, पाव लहान चमचा मीठ, अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर.

लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. मिरच्यांना मध्ये एकेक चीर द्या, नाहीतर त्या फुटून अंगावर उडतात. तेल टाकून मिरच्या आणि लसूण घाला, आणि तांब्याच्या बुडाने तव्यावरच दाबत राहा. आधी सालीवर पांढरे फोड येतात, मग त्यांचे तपकिरी डाग होतात, आणि लसणाचा वास बदलतो. तो बदलला की आच बंद. मिरच्या काळ्या होऊ द्यायच्या नाहीत. आता गरम तव्यावरच शेंगदाणे घालून तांब्याने रगडा, वाटण भरड राहिलं पाहिजे. मिक्सरमध्ये ठेचा होत नाही, त्याची चटणी होते.

मीठ अगदी शेवटी. आधी घातलेलं मीठ वाटणात मुरतं, शेवटी घातलेलं जिभेला थेट लागतं, त्यामुळे निम्म्यात भागतं. तवा कोमट झाल्यावर लिंबू आणि कोथिंबीर. जीवनसत्त्व क उष्णतेने कमी होतं, त्यामुळे लिंबू आचेवर पिळायचं नाही. कॅप्सेसिन मात्र शिजवूनही टिकतं, म्हणून भाजलेली मिरची तेवढीच झोंबते.

पाव चमचा मीठ म्हणजे सव्वा ते दीड ग्रॅम, आणि तो चार माणसांना दोन-तीन जेवणं पुरतो. सांडगी मिरची किंवा मिरचीचं लोणचं मीठ मुरवूनच टिकवलेलं असतं. ते सणावारी तोंडी लावायला घ्या, रोज नको.

पायरी 6: वर्षाचं लाल तिखट

चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे काम उरकावं. एक किलोला सातशे ग्रॅम ब्याडगी आणि तीनशे गुंटूर किंवा संकेश्वरी हे प्रमाण आम्हाला मानवलं आहे. दोन कडक उन्हं दाखवा. मुठीत घेतल्यावर मिरची कडकड वाजली पाहिजे आणि आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत.

मग बसून निवडा, हे काम दुसऱ्यावर सोडू नका. संशय येईल ती मिरची मोडून बघा. आत राखाडी-काळी भुकटी किंवा जाळी असेल तर ती बुरशी. दमट मिरचीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजून-शिजवून जात नाही. अशा मिरच्या फेकून द्या. पांढऱ्या पडलेल्याही काढा. डंकावर कुटून आणल्यावर तिखट पूर्ण गार होऊ द्या, मगच बरणीत भरा, नाहीतर वाफेने ओल धरते.

विकतचं सुटं तिखट घेतलंत तर काचेच्या पेल्यातल्या पाण्यावर चिमूटभर भुरभुरवा. ढवळायचं नाही. लाल रेघा लगेच खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळा, खरखरीत लागला तर विटेचा भुगा किंवा वाळू. पण ही परीक्षा पुरेशी नाही. सुदान नावाचे बंदी असलेले रंग तेलात विरघळतात, पाण्यात ते दिसतच नाहीत. आम्हीही एकदा पाण्यात उत्तीर्ण झालेलं तिखट आणलं होतं, आणि आमटीवर आलेला तवंग डोळ्यांत खुपेल इतका लालभडक होता. त्या दिवसापासून घरची मिरची.

पायरी 7: झोंबलं तर

तोंड पोळलं की आपला हात पाण्याकडे जातो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने क्षणभर थंड वाटतं आणि पुन्हा आग होते. दूध, दही, घट्टसर ताक घ्या. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेतं. घोट तोंडात फिरवा, मग गिळा. गुळाचा खडा चालतो, कोरड्या भाकरीचा तुकडा चघळला तरी बरं वाटतं.

हाताला आग झाली तर आधी गोडं तेल चोळा, दोन मिनिटांनी भांड्याच्या साबणाने धुवा, आणि हे दोनदा करा. डोळ्याला हात लागला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याचे हबके दहा-पंधरा मिनिटं मारत राहा, डोळ्यात लेन्स असेल तर आधी हात नीट धुऊन ती काढा. तरीही दिसायला धूसर राहिलं तर डॉक्टरांकडे.

घरातल्या मुलांशी एका गोष्टीबद्दल बोला: अतितिखट खाण्याच्या पैजा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीनुसार, अमेरिकेत अशा स्पर्धेत कॅरोलिना रीपर नावाची एकच अतितिखट मिरची खाल्लेल्या 34 वर्षांच्या माणसाला मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून असह्य डोकेदुखी झाली. 2023 मध्ये तिथेच अतितिखट चिप्सच्या पैजेनंतर एका 14 वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्याच्या हृदयाला आधीपासून दोष होता, पण आपल्या मुलाच्या हृदयात काय आहे हे पैज लावताना कुणाला माहीत असतं?

पायरी 8: मोजा, आणि एक कुंडी लावा

रक्तदाब असेल तर घरच्या यंत्रावर आठवड्यातून तीन वेळा, एकाच वेळेला, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात मिठाची पिशवी किती उतरली ते लिहा. आमच्याकडे मिठाची एक किलोची पिशवी तीन माणसांना पूर्वी महिनाभरही पुरत नव्हती, आता दोन महिन्यांच्या पुढे जाते. गोळी कमी करायचा निर्णय वही बघून डॉक्टरांनी घ्यायचा, आपण नाही.

कुंडीसाठी झाडावरच लाल पिकलेली मिरची घ्या, बिया सावलीत दोन दिवस सुकवा, ओलसर मातीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतात. रोप चार-सहा पानांवर आलं की बाराइंची कुंडीत लावा, पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी. पाणी साठू देऊ नका, मुळं कुजतात. पेरल्यापासून साडेतीन महिन्यांच्या आसपास पहिली हिरवी मिरची लागते. ती ओढून तोडू नका, फांदी मोडते. देठाच्या टोकाशी नख लावून खुडा, आणि दर चार दिवसांनी खुडत राहा. मिरच्या झाडावर पिकत ठेवल्या तर नवी फुलं कमी येतात. बियाण्यासाठी एखाद-दुसरी चांगली मिरची तेवढी लाल होऊ द्या.